फोनच्या पेटंटवर तोडगा निघतो, मग मांजराच्या औषधावर का निघत नाही?

शहापूरवाली (धागाकर्ती) :

बेळगावच्या शहापुरात राहून गेली अकरा वर्षे मी पेटंटशोधाचे काम करते. एखाद्या कंपनीने ‘नवे’ म्हणून ज्यावर हक्क सांगितला आहे ते खरोखरच नवे आहे का, हे जुन्या कागदपत्रांत धुंडाळून सांगायचे, एवढेच त्याचे स्वरूप. त्यातले बहुतेक काम मोबाइल फोनचे असते. हे आधी सांगते, कारण पुढचा प्रश्न घरातल्या आजारपणातून सुचला असला तरी तो केवळ हळवेपणाने विचारलेला नाही.

आमच्या मांजरीचे नाव कुंदा. ते रंगावरून ठेवले, आणि बेळगावकरांना त्याचे स्पष्टीकरण द्यायला नको (कुंदा ही इथली तपकिरी, खव्याची मिठाई). ती दहा महिन्यांची असताना, ऐन श्रावणात, तिला ताप आला. प्रतिजैविके झाली, सलाइन झाले, तरी ताप हटेना. खाणे सुटले, पाठीचे मणके हाताला लागू लागले आणि पोट मात्र दिवसेंदिवस भरत गेले. शेजारच्या अक्कांनी जिन्यातूनच पाहून ‘बसुरी’ (कानडीत गरोदर) असा निकाल दिला; पण दोनच महिन्यांपूर्वी तिची नसबंदी झालेली असल्यामुळे तो मान्य करता येईना.

डॉक्टरांनी पोटात सुई घातली तेव्हा सिरिंजमध्ये जे आले ते करडईच्या तेलासारखे पिवळे होते आणि सुईच्या टोकापासून त्याची तार सुटत होती. त्यांनी एका परीक्षानळीत ऊर्ध्वपातित पाणी घेतले, त्यात तीव्र ॲसिटिक आम्लाचा एक थेंब मिसळला आणि त्यावर हे द्रव अलगद सोडले. थेंब पाण्यात विरून गेला असता तर ज्याची भीती होती त्या आजाराची शक्यता बरीच कमी झाली असती. तो विरला नाही. पांढुरका होऊन, मागे धाग्यासारखे शेपूट सोडत, तो सावकाश तळाकडे उतरत राहिला. या चाचणीला रिव्हाल्टा म्हणतात. तेवढ्यावर निदान होत नाही, म्हणून रक्ताचा नमुना रात्रीच्या बसने पुण्याला पाठवला. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या रक्तातील प्रथिनांचे गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल तर संशय बळावतो, आणि तिचे ०.३ निघाले.

आजाराचे नाव एफआयपी (फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस). मांजरांच्या आतड्यात राहणारा एक कोरोना विषाणू असतो (त्याचा कोविडशी संबंध नाही आणि तो माणसाला होत नाही). बहुतेक मांजरांना तो फारसा त्रास देत नाही. थोड्या मांजरांच्या शरीरात मात्र तो रूप बदलतो, आतड्यातून बाहेर पडून रक्तातील पेशींत शिरतो, आणि मग पोटात किंवा छातीत पाणी साठते, नाहीतर डोळे आणि मेंदू यांवर आघात होतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूचीच चिठ्ठी होती.

आता औषध आहे, आणि माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. जीएस-४४१५२४ हे ते संयुग. ते गिलिअड या अमेरिकी कंपनीचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील नील्स पीडरसन यांच्या गटाने ते एफआयपी झालेल्या ३१ मांजरांना दिले, त्यांपैकी २६ मांजरे बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण करू शकली, आणि ते निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या रोगात काही आठवड्यांत सगळे संपायचे तिथे हे घडले. असे असूनही कंपनीने त्याचे जनावरांचे औषध बाजारात आणले नाही. त्याचे कारण म्हणून जे मांडले गेले ते असे : याच संयुगापासून साधलेले रेमडेसिव्हिर माणसांसाठी मंजुरीच्या वाटेवर होते, आणि मांजरांत काही विपरीत दिसले तर त्या मंजुरीत अडथळा येईल ही धास्ती. परिणाम असा झाला की चीनमध्ये विनापरवाना बनलेल्या, लेबल नसलेल्या कुप्या समाजमाध्यमांवरील गटांतून जगभर फिरू लागल्या आणि मांजरे वाचवणारी माणसे चोरबाजारातली गिऱ्हाइके ठरली. ब्रिटनमध्ये २०२१ पासून आणि अमेरिकेत २०२४ च्या मध्यापासून पशुवैद्याच्या चिठ्ठीवर हे औषध रीतसर मिळू लागले, तोवर हे असेच चालले.

डॉक्टरांनी मला हे नाव कागदावर लिहून दिले त्या दिवशी माझ्या टेबलावर एरिक्सन (स्वीडिश दूरसंचार कंपनी) विरुद्ध लाव्हा (भारतीय फोन कंपनी) या खटल्याचा निकाल उघडा होता. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हाला २४४ कोटी रुपये भरायला सांगितले तो हा निकाल. त्यातली एरिक्सनची पेटंटे आवाजाचे संकेतन, एज (टूजीचाच वेगवान प्रकार) आणि थ्रीजी यांसंबंधीची आहेत. यांना प्रमाण-आवश्यक पेटंटे म्हणतात, कारण ती वापरल्याशिवाय फोन मोबाइल नेटवर्कशी बोलूच शकत नाही. म्हणूनच, आपले एखादे तंत्र जागतिक प्रमाणकात (स्टँडर्डमध्ये) घेतले जावे अशी ज्याची इच्छा असते त्या कंपनीला आधी हमी द्यावी लागते की, मागेल त्याला मी रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर परवाना देईन. पुढे खटले होतात, वर्षानुवर्षे चालतात, पण ते ‘देणार की नाही’ यावर क्वचितच असतात. भांडण ‘किती’ यावर असते.

ज्यांत अशी हमी नव्हती त्या खटल्यांतही शेवटी पैशांवरच मिटले. ॲपलने सॅमसंगवर एप्रिल २०११ मध्ये दावा लावला, ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीने सुमारे १०५ कोटी डॉलर ठरवले, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले, मे २०१८ मध्ये दुसऱ्या ज्युरीने ५३.९ कोटी डॉलर ठरवले आणि जूनमध्ये दोघांनी तडजोड केली. या सात वर्षांत बेळगावच्या खडे बाजारात दोघांचेही फोन विकले जात होते. (बोट सरकवून कुलूप उघडण्याच्या ॲपलच्या पेटंटाचे काय झाले हे आमच्या धंद्यातली माणसे चवीने सांगतात : निओनोड नावाच्या स्वीडिश कंपनीच्या जुन्या फोनमध्ये तशीच युक्ती सापडली आणि जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये ते पेटंट रद्द ठरवले. आमचे सगळे पोटपाणी अशा जुन्या फोनांवर चालते.)

मला विचारायचे आहे ते असे. ज्याच्यावाचून फोन अडतो त्या शोधाला ‘मागेल त्याला दे’ हे बंधन पत्करावे लागते, मग ज्याच्यावाचून जीव अडतो त्या शोधाला ते का नाही? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ८४ आहे, आणि सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दिलेला) त्याखाली मिळू शकतो. पण त्यातील शब्द ‘जनतेच्या वाजवी गरजा’ असे आहेत. कुंदा जनतेत मोडते का?

निपाणीचा_दुकानदार :

ताई, आधी कुंदाला लवकर बरे वाटो. मी वीस वर्षे मोबाइल विकतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे आपल्या मांडणीतील अर्ध्या भागावर माझी हरकत आहे.

फोनचे भांडण नेहमीच इतके सभ्य नसते. डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीची विक्री आणि आयात थांबवली होती. तो फोन त्या काळी दुकानात मिळतच नसे, ऑनलाइन मागवावा लागे, आणि आमच्याकडे गिऱ्हाईक यायचे ते मागचे कव्हर आणि काच घ्यायला. त्या आठवड्यात रोज चार जण येऊन विचारत, ‘फोन बंद पडणार का हो?’ पुढे आठवड्याभराने न्यायालयाने क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांना मोकळीक दिली, पण प्रत्येक फोनमागे १०० रुपये अनामत ठेवण्याच्या अटीवर. म्हणजे मनाई हुकूमही येतो, आणि तो लहान खेळाडूवर आधी येतो.

दुसरे असे की ॲपल आणि सॅमसंग भांडत होते तेव्हाच ॲपलच्या फोनमधील प्रोसेसर सॅमसंगच्या कारखान्यात बनत होते. दोघांकडे पेटंटे, दोघांना एकमेकांची गरज. वाटणीचा दावा लावूनही एकाच विहिरीचे पाणी भरणाऱ्या भावांसारखे ते होते, आणि म्हणून तोडगा निघाला. मांजराकडे बदल्यात द्यायला काय आहे? एरंडाचे गुऱ्हाळ नको म्हणून थांबतो, पण तोडगा कायद्यामुळे निघतो असे समजू नये. देण्याघेण्यासारखे काही दोन्ही हातांत असते म्हणून निघतो.

खानापूर_पाऊस :

धागा वाचला. टिंगल करण्याचा हेतू नाही, पण मनात आले ते लिहितो. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा माझ्या दोन गाई आजारी पडल्या, त्यांतली एक गेली. अंगभर गाठी, पाय सुजलेले, आणि बाहेर पाऊस थांबायचे नाव घेईना. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली जात होती, कारण लंपीची स्वतःची देशी लस नुकतीच तयार झाली होती. त्या लसीसाठी हिस्सार आणि बरेलीच्या सरकारी संस्थांनी काम केले. गाय दूध देते, म्हणून सरकार धावले. मांजरासाठी कोण धावणार? आमच्या गावात मांजराला औषध द्यायचे म्हणजे हळदीचे दूध दाखवायचे, एवढीच कल्पना. आपण किती खर्च करणार आहात, आणि घरचे काही म्हणत नाहीत का, हे विचारले तर राग मानू नये.

चिकोडीचे_गुरांचे_डॉक्टर :

सरकारी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. आयुष्य गाई-म्हशींत गेले, मांजरे उतारवयात शिकलो. कायद्याच्या चर्चेआधी उपचाराचे बोलतो, कारण कुंदाला वाट पाहता येणार नाही.

आपल्याकडे या आजारासाठी चोरवाटेने जाण्याची गरज राहिलेली नाही. मांजराच्या शरीरात गेल्यावर रेमडेसिव्हिरचे रूपांतर मुख्यतः जीएस-४४१५२४ मध्येच होते. गिलिअडने मे २०२० मध्ये भारतीय कंपन्यांना रेमडेसिव्हिरचे परवाने दिले, त्यामुळे ते येथे रीतसर बनते आणि पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मिळू शकते. एप्रिल २०२१ मध्ये याच कुप्यांसाठी माणसे रात्र रात्र रांगेत उभी होती आणि सरकारने निर्यात बंद केली होती, हे कोणी विसरलेले नाही. दुसरा पर्याय मोल्नुपिराविर. तेही परवाना घेऊन भारतात बनते, गोळी असल्याने सोयीचे आणि स्वस्त पडते, पण मांजरातील त्याचा अनुभव तुलनेने कमी आहे. सायप्रसमध्ये २०२३ साली मांजरांत मोठी साथ आली तेव्हा तेथील सरकारने माणसांच्या कोविडसाठी साठवलेल्या गोळ्या मांजरांना देण्याची मुभा दिली होती, ती याच औषधाची.

मात्रा कृपया कोणत्याही गटात विचारू नये. ती वजनावर आणि डोळे किंवा मेंदू यांवर परिणाम झाला आहे की नाही यावर ठरते, आणि मांजर सुधारू लागले की वजन वाढते, म्हणून मात्राही वाढवावी लागते. वजन न करता जुनीच मात्रा चालू ठेवणे ही मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक आहे, आणि आजार उलटण्याचे ते एक कारण होते. औषध लागू पडत असेल तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो; न उतरल्यास निदान पुन्हा तपासावे. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नये, मांजराला ती जीवघेणी असते. नाव नसलेल्या कुप्यांविषयी एवढेच सांगतो की तपासणीत त्यांच्यातील औषधाचे प्रमाण आणि सांगितलेले प्रमाण जुळत नाही असे दिसून आले आहे.

रूढ उपचार ८४ दिवसांचा. पोटात पाणी असलेल्या मांजरांत ४२ दिवसांचा उपचारही तितकाच गुणकारी ठरल्याचे म्युनिकच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले आहे, पण तेथे तपासण्या वारंवार झाल्या होत्या. आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आता कायदा. ताई, जनावराचा उल्लेख आपल्या पेटंट कायद्यात आहे, फक्त आपण वेगळ्या कलमात शोधत आहात. आमच्या एका प्रशिक्षणात तो वाचून दाखवला होता, शब्द आठवत नाहीत.

शहापूरवाली :

डॉक्टरकाका, आपला प्रतिसाद छापून औषधांच्या डब्याला चिकटवला आहे. आपण म्हणता ते कलम ३(आय). माणसाच्या उपचाराची पद्धत पेटंटयोग्य नाही, आणि जनावरांना रोगमुक्त करण्याची किंवा त्यांचे आर्थिक मूल्य वाढवण्याची तशीच पद्धतही पेटंटयोग्य नाही, असा त्याचा आशय. मी हे कलम कामानिमित्त शंभर वेळा पाहिले असेन, पण ‘जनावर’ या शब्दापाशी कधी थांबले नव्हते. म्हणजे कुंदाला सुई कशी टोचायची यावर भारतात कोणी हक्क सांगू शकत नाही. कुपीतल्या रेणूवर मात्र, नवेपणा आणि बाकीच्या कसोट्या पार पडल्या तर, सांगू शकतो. औषधाच्या रेणूला असे पेटंट १ जानेवारी २००५ पासून मिळू लागले, त्याआधी केवळ बनवण्याच्या प्रक्रियेला मिळत असे.

निपाणीचे दादा, आपली विहिरीची उपमा मी मान्य करते, पण पूर्ण नाही. ॲपल आणि सॅमसंग यांच्यापुरते आपले बरोबर आहे. लाव्हाकडे मात्र एरिक्सनला द्यायला काय होते? तिथे ‘मागेल त्याला दे’ ही हमी आधीपासून लिहून दिलेली होती म्हणूनच वाद दरावर आला. औषधाच्या बाबतीत अशी हमी आधी कोणी मागतच नाही. जे काही करायचे ते नंतर, मुख्यतः कलम ८४ खाली, आणि तेही पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर. त्याखाली आजवर एकच परवाना निघाला. मार्च २०१२ मध्ये नाटको कंपनीला बायरचे कर्करोगावरील औषध बनवण्याची मुभा मिळाली आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. एवढे जिवंत उदाहरण समोर असताना ते कलम पुढे जवळजवळ झोपूनच आहे, याचे मला नवल वाटते.

गंमत अशी की कुंदाला औषध मिळाले ते तिच्या कोणत्याही हक्कामुळे नाही, तर माणसांवर साथ आली आणि माणसांसाठी परवाने दिले गेले म्हणून. खानापूरच्या दादांचा प्रश्न याच ठिकाणी चपखल बसतो. कायद्याने जनावराचे नाव घेतले तेही ‘आर्थिक मूल्य’ याच्या शेजारी. राग मुळीच नाही. खर्च आजवर एकेचाळीस हजारांच्या आसपास झाला, आणि घरचे म्हणतात ते असे की यंदा नवा फोन घ्यायचा होता तो पुढच्या वर्षी घेऊ. सासूबाई पहिले चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच तिचे पुढचे पाय धरले.

खानापूर_पाऊस :

ताई, उत्तर मनापासून पटले. आमच्या हिने धागा वाचून एकच विचारले, की सुई रोज कशी टोचता? आमच्या बोक्याला नुसते आंघोळीला धरले तर हातावर वळ उठतात.

शहापूरवाली :

वहिनींना सांगा, वळ माझ्याही हातावर आहेत. औषध आम्लधर्मी असल्याने टोचताना झोंबते, आणि ती ओरडते तेव्हा शेजारचे विणकर माग थांबवून बाहेर येतात. आम्ही रात्री नऊची वेळ ठरवली आहे. जुन्या सोलापुरी चादरीत तिला मानेपर्यंत गुंडाळायचे, कुपीतील औषध आधी तळहातात धरून जरा कोमट होऊ द्यायचे, औषध भरल्यावर सुई बदलायची, आणि जागा रोज वेगळी घ्यायची, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर ‘डावा खांदा’, ‘उजवी कूस’ असे लिहून ठेवायचे. टोचून झाल्यावर लगेच उकडलेली कोंबडी. आता नऊ वाजले की ती पळून कपाटाखाली जाते, पण कोंबडीचा वास आला की स्वतःच चादरीशी येऊन बसते. भीती आणि भूक यांत भूक जिंकते.

वजनासाठी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला काटा वापरते. दर रविवारी कापडी पिशवीत घालून नेते, दुकानदार आधी रिकाम्या पिशवीचे वजन वजा करतो आणि मोठ्याने आकडा सांगतो. पहिल्या रविवारी २ किलो ४० ग्रॅम होते, आणि त्यातलेही कितीतरी पोटातले पाणीच असणार. काल २ किलो ६८५ भरले, आणि रांगेतल्या बाईंनी भाव विचारला.

निपाणीचा_दुकानदार :

वजन ऐकून बरे वाटले. कलम ८४ बद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही. अर्ज करणारी नाटकोसारखी मोठी कंपनी होती, तिला बाजार दिसत होता. मांजरांच्या औषधात ज्या दिवशी एखाद्या कंपनीला बाजार दिसेल त्या दिवशी ‘जनता’ या शब्दाचा अर्थ न्यायालयात आपोआप ताणला जाईल, आणि तोवर तो ताणला जाणार नाही.

शहापूरवाली :

दादा, तसे होऊही शकेल. मी तो खटला वाचायला घरी असेन. मांजर पाळणाऱ्याला औषध विकत घेणे परवडले नाही, तर त्याची ‘वाजवी किमतीत न मिळालेली’ गरज ही माणसाचीच गरज असते, असा युक्तिवाद मी तरी मांडून पाहीन. मांजराला जनतेत बसवण्यापेक्षा तो सोपा आहे.

आज सदतिसावा दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरला तो पुन्हा चढलेला नाही, सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले नाही, डोळे स्वच्छ आहेत. रक्ताचा नमुना सोमवारी पुन्हा पुण्याला जाईल. डॉक्टर आणि मी मिळून ८४ दिवस पूर्ण करायचे ठरवले आहे, कारण दर आठवड्याला पुण्याहून तपासणी करवणे येथून जमणारे नाही.

एक अडचण आहे. पुढच्या सहा कुप्या कोल्हापुरात तयार आहेत आणि गुरुवारपर्यंत इथे पोहोचायला हव्यात. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी कोणी कोल्हापूरहून निपाणीमार्गे बेळगावला येत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करावा. पावडरच्या कुप्या आहेत, त्यांना बर्फ लागत नाही. फक्त उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत.

निपाणीचा_दुकानदार :

बुधवारी मालासाठी कोल्हापूरला जातो आहे. औषधाच्या दुकानाचा पत्ता कळवा, मी आणतो. निपाणीत स्टँडसमोर कोणाला तरी पाठवा.